रेषेची जाडी

वीस वर्षांनंतरचं शहर
आम्ही तिसऱ्या मजल्यावर काढत होतो,
पंखा बंद ठेवून, कारण ट्रेसिंग पेपर उडायचा.

घरांना पिवळा, कारखान्यांना जांभळा.
मैदानांना हिरवा,
आणि हिरव्याची बाटली वर्षभर पुरायची.
माणशी मोकळी जागा किती,
दहा हजारांमागे शाळा किती,
मेलेल्यांना किती, तेही कोष्टकात होतं.
त्रिलोकेकर साहेब म्हणायचे,
जन्माला न आलेल्यांची घरं आखतोय आपण,
हात धुऊन बसा.
आम्ही धुऊन बसायचो.
तरी घामाचं बोट टेकलं की
कुठेतरी एखादा तलाव वाढायचा.

माझ्याकडे रस्ते होते.
हात थरथरत नाही म्हणून.
साठ फुटी रस्ता, दोन समांतर रेषा,
श्वास रोखून डावीकडून उजवीकडे,
मालाडच्या खाडीपर्यंत एका दमात.
०.५ ची निब. प्रमाण एकास चार हजार.
यातला गुणाकार
मी तेव्हा केला नव्हता.

मग हरकती आल्या, गोणपाटातून.
बहुतेक टाइप केलेल्या, एकाच वकिलाची भाषा,
खाली वेगवेगळे अंगठे.
हरकत क्रमांक दोन हजार एकशे सहा
वहीच्या पानावर, शाईच्या पेनानं:
"रस्ता कोठून जातो ते समजले नाही.
समजावून सांगावे.
रेजिना पेन, वरची पाखाडी."

सुनावणीला ती लुगडं नेसून आली,
चपला दाराबाहेर काढल्या.
नकाशावर बोट ठेवायला घाबरली आधी,
मग ठेवलं आणि चालवत नेलं:
इथं क्रूस. इथं विहीर.
(विहीर आमच्याकडे नव्हती.)
इथं फणस, आणि हे आमचं.
बाय, घर रेषेच्या अलीकडं की पलीकडं?

मी भिंग घेतलं.
खूप वेळ घेतला.
अलीकडे अंगण होतं,
पलीकडे फणस.
म्हटलं, रेषेत.
"रेषेत म्हंजे?"

रेषेत म्हणजे
अर्धा मिलिमीटर काळी शाई,
म्हणजे जमिनीवर दोन मीटर,
म्हणजे चूल, मोरी, पाटा,
आणि भिंतीला टेकून बसलेला माणूस, पाय न पसरता.
हे मी बोलले नाही.
साहेबांनी शेऱ्यात लिहिलं, नोंद घेतली.
तिनं विचारलं, कुणी घेतली?

आराखडा मंजूर होऊन आला तेव्हा
त्याच्या वीस वर्षांतली नऊ संपली होती.
रस्ता आलाच नाही.
पैसे उड्डाणपुलाला गेले, असं ऐकलं.
तुटलं नाही काही, हे मी मनाला सांगत राहिले,
आणि निवृत्त झाले, घड्याळ घेऊन.

एकदा गेले तिकडे.
जाता जाता गेले असं सांगते सगळ्यांना,
मुद्दाम गेले होते.
क्रूसाला झेंडूची माळ. विहिरीवर स्लॅब, स्लॅबवर तीन स्कूटर.
घराच्या कौलांवर निळं प्लॅस्टिक, प्लॅस्टिकवर टायर.
सून म्हणाली, कौल बदलायलासुद्धा परवानगी मिळत नाही,
आम्ही रस्त्यात आहोत ना.
"रस्त्यात" असं म्हणाली,
जणू मुलं खेळता खेळता तिथं जाऊन बसलीत.
सासू? सासू गेली, पाच वर्षं झाली.
तिनं पाणी दिलं.
मी ते स्वयंपाकघरात उभं राहून प्यायले,
एक पाऊल इकडे नाही, तिकडे नाही.

आता पुढच्या वीस वर्षांचं काम चालू आहे.
निमिष तामोरेनं मला संगणकावर दाखवलं,
कौतुकानं, जुन्या बाईंना दाखवतात तसं.
उपनगर, वॉर्ड, पाखाडी, मोठं, आणखी मोठं,
कौलं दिसायला लागली, टायर मोजता आले,
आणि रेषा तेवढीच, केसाएवढी.
"मॅडम, आता रेषेला जाडीच नसते."

मग स्वयंपाकघर कुठल्या बाजूला येतं, मी विचारलं.
तो म्हणाला,
"कुणाचं?"